फिलिप द मोर्ने: शब्दाला जागलेला राजदूत

राजदूत म्हणजे आपल्या धन्याचा शब्द परक्या दरबारीं पोंचविणारा मनुष्य. ह्या धंद्यांत गोड बोलणें, खरें तें दडविणें आणि वेळ पडल्यास दिलेला शब्द फिरविणें, ह्यालाच पुष्कळ लोक चातुर्य समजतात. अशा धंद्यांत जन्म घालवूनहि ज्याची सचोटी विरोधकांनींहि मान्य केली, अशा एका फ्रेंच गृहस्थाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

फिलिप द मोर्ने ह्याचा जन्म ५ नोव्हेंबर १५४९ रोजीं फ्रान्स देशाच्या उत्तर भागांत ब्यूई ह्या गांवीं एका सरदार घराण्यांत झाला. बाप रोमन कॅथॉलिक होता. आईचा ओढा प्रॉटेस्टंट मताकडे होता. मुलानें धर्मगुरु व्हावें असा घरच्यांचा बेत होता. परंतु बाप वारल्यावर आईनें तें मत उघडपणें स्वीकारलें, व मुलगाहि त्याच मार्गानें गेला. फ्रान्सांतील प्रॉटेस्टंटांस ह्यूगेनो असें म्हणत. तरुणपणीं फिलिपनें जर्मनी, इटली, नेदरलंड्स व इंग्लंड हे देश पाहिले आणि तेथील लोकांच्या चालीरीति समजून घेतल्या.

२४ ऑगस्ट १५७२ हा संत बार्थोलोम्याचा दिवस. नव्हार येथील प्रॉटेस्टंट राजा हेन्री ह्याचें लग्न फ्रान्सच्या राजाच्या बहिणीशीं नुकतेंच झालें होतें, आणि त्यासाठीं पुष्कळ ह्यूगेनो पॅरिस शहरांत जमले होते. त्या दिवशीं पहाटेपासून त्यांची कत्तल सुरू झाली. ती पुढें इतर शहरांतहि पसरली, व हजारों माणसें मारलीं गेलीं. मोर्ने तेव्हां पॅरिसमध्येंच होता. त्याचें वय अवघें बावीस वर्षांचें. ज्याच्या घरीं तो उतरला होता तो गृहस्थ रोमन कॅथॉलिक, परंतु विवेकाला भिऊन वागणारा होता. मोर्नेनें घाईघाईनें आपले कागद जाळले आणि तो दोन छपरांच्या मधल्या जागेंत लपला. मारेकरी घर धुंडाळून गेले. पुढें मोठ्या संकटानें तो शहराबाहेर पडला व इंग्लंडास पोंचला. त्याच कत्तलींतून शार्लोत आर्बालेस्त नांवाची एक तरुण विधवाहि वांचली. जीव वांचविण्यासाठीं मिस्सेला जा, असा आग्रह झाला असतांहि तिनें तो मानला नाहीं. इ. स. १५७६ मध्यें ह्या दोघांचा विवाह झाला.

त्याच सुमारास मोर्ने नव्हारच्या हेन्रीच्या सेवेंत शिरला. त्याचा वकील म्हणून तो इंग्लंडांत एलिझाबेथ राणीच्या दरबारीं गेला, नंतर नेदरलंड्समध्यें राहिला. तेथें इ. स. १५८१ सालीं अँटवर्प येथें त्याचा ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेविषयींचा ग्रंथ छापला गेला. पुढें त्याचें इंग्रजी भाषांतरहि झालें. हेन्रीचे जाहीरनामे व महत्त्वाचीं पत्रें पुष्कळदां मोर्नेच्याच हातचीं असत. इ. स. १५८९ मध्यें फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व नव्हारचा हेन्री ह्यांमध्यें तह घडवून आणण्यांत त्यानें मोठें काम केलें. त्या तहानें ल्वार नदीवरील सोम्यूर हें नगर ह्यूगेनोंच्या हातीं आलें, व मोर्ने तेथील सुभेदार झाला. त्याच वर्षीं तिसऱ्या हेन्रीचा खून झाला व नव्हारचा हेन्री हा चौथा हेन्री म्हणून फ्रान्सच्या गादीचा धनी ठरला.

येथें मोर्नेची खरी कसोटी लागली. २५ जुलै १५९३ रोजीं हेन्री राजानें प्रॉटेस्टंट मत सोडून रोमन कॅथॉलिक मत पत्करलें. ज्याच्यासाठीं मोर्नेनें सतरा वर्षें खस्ता खाल्ल्या, त्यानेंच हें करावें! आतां दोन वाटा सोप्या होत्या. राजामागोमाग जावें, म्हणजे मानमरातब मिळे. अथवा रागानें राजाशीं वैर करावें, म्हणजे आपल्या पक्षांत वाहवा होई. मोर्नेनें ह्यांपैकीं एकहि वाट धरली नाहीं. त्यानें आपला विश्वास सोडला नाहीं, आणि राजाची चाकरीहि सोडली नाहीं. राजा व त्रासलेल्या ह्यूगेनो मंडळ्या ह्यांच्यामध्यें तो बोलणीं करीत राहिला. इ. स. १५९८ च्या नांत येथील हुकुमानें त्या मंडळ्यांस ठरलेल्या ठिकाणीं उपासना करण्याची मोकळीक व सरकारी नोकरीचा हक्क मिळाला. ह्या यशांत अशा धीराच्या माणसांचा वांटा होता.

परंतु त्याच्या चुकीविषयीं मौन धरणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. त्याच वर्षीं त्यानें प्रभुभोजनावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यांत प्राचीन आचार्यांचे शेंकडों उतारे दिले. एव्रूचा बिशप द्यू पेरों ह्यानें असा आरोप केला कीं, त्यांतील पांचशें उतारे खोटे आहेत. मोर्नेनें स्वतःच चौकशीची मागणी केली. ४ मे १६०० रोजीं फोंतेनब्लो येथें राजासमक्ष सभा भरली. तयारीस त्याला जेमतेम एक रात्र मिळाली. नऊ उतारे तपासले गेले, व निकाल बहुतेक त्याच्या विरुद्ध लागला. कोठें शब्द गळले होते, तर कोठें आचार्यानें खोडून काढण्यासाठीं मांडलेला आक्षेप त्याचेंच मत म्हणून दिला होता. दुसऱ्या दिवशीं मोर्ने आजारी पडला व सभा मोडली. सभेची रचना त्याला न्याय देणारी नव्हती हें खरें. परंतु सत्याच्या कैवाऱ्यानें साक्ष देतांना एक शब्दहि गाळूं नये, हेंहि तितकेंच खरें. जे आमचे बंधु गांवोगांव उपदेश करितात, त्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

दुःखें एकामागून एक आलीं. इ. स. १६०५ मध्यें त्याचा एकुलता एक मुलगा नेदरलंड्समधील लढाईंत पडला. शार्लोत ही ह्या मुलासाठींच आपल्या पतीचें चरित्र लिहीत होती. त्याच्या मृत्यूची हकीकत लिहून तिनें तें संपविलें, आणि पुढल्या वर्षीं तीहि वारली.

तरी मोर्नेनें हातचें काम टाकलें नाहीं. सोम्यूर येथें त्यानें ह्यूगेनोंसाठीं एक विद्यापीठ स्थापिलें होतें; त्याचा लौकिक परदेशींहि पसरला. तेराव्या लुईच्या कारकीर्दींत ह्यूगेनो पुन्हां शस्त्र धरूं लागले, तेव्हां मोर्ने त्यांस शांततेचाच सल्ला देत असे. इ. स. १६२१ मध्यें राजा फौजेसह सोम्यूरवरून जात होता. नगर लवकरच परत देऊं ह्या वचनावर विसंबून मोर्नेनें दरवाजे उघडले. तें वचन पाळलें गेलें नाहीं. बत्तीस वर्षांची सुभेदारी एका दिवसांत गेली. ज्यानें जन्मभर दुसऱ्यांचा शब्द प्रामाणिकपणें वाहिला, त्याला म्हातारपणीं खोट्या शब्दानें फसविलें. तो आपल्या ला फोरे येथील वाड्यांत जाऊन राहिला व ११ नोव्हेंबर १६२३ रोजीं, चौऱ्याहत्तर वर्षांचा होऊन, तेथेंच मरण पावला.

त्याचें विद्यापीठ त्याच्या मागें साठ वर्षांहून अधिक काळ चाललें. पुढें अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया वसविणारा विल्यम पेन हा तेथेंच कांहीं काळ शिकला. इ. स. १६८५ मध्यें तें बंद करण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं नांतचा हुकूमहि रद्द झाला.

तर मग मोर्नेच्या हातीं काय राहिलें? राजा दुसरीकडे गेला, मुलगा गेला, नगर गेलें, हुकूमहि टिकला नाहीं. परंतु ज्या वर्षांत लोक एकमेकांच्या जिवावर उठले होते, त्या वर्षांत त्यानें शांततेचीं बोलणीं तुटूं दिलीं नाहींत, आणि त्यामुळें दोन पिढ्यांस आपल्या उपासनेच्या घरीं निर्भयपणें बसतां आलें. ज्या गांवीं आपले लोक थोडे व शेजारी पुष्कळ, तेथें राहणाऱ्या बंधुभगिनींस ह्याचें मोल आम्हीं वेगळें सांगावयास नको.