सतरंजीएवढ्या जागेतला व्यायाम : औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी

शेतकऱ्याला वेगळा व्यायाम कशाला, तो दिवसभर राबतोच की, असं आपल्याकडं सर्रास म्हटलं जातं. औत धरणारा आणि मोट हाकणारा गडी होता तोवर त्यात तथ्यही होतं. आता नांगरट ट्रॅक्टरनं होते, बटण दाबलं की विहिरीचं पाणी पाटात येतं आणि घरापासून रानापर्यंत जायलाही मोटारसायकल लागते. तलाठी, ग्रामसेवक, सोसायटीचे सचिव यांचा तर निम्मा जन्म खुर्चीतच जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचं शिबिर लागलं की रक्तातली साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेली माणसं गावातही निघतात. म्हणून वाचकहो, आज सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या एका राजाची हकिकत सांगावीशी वाटते. राजा असूनही त्यानं सांगितलेल्या व्यायामाला दमडीचा खर्च नव्हता.

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. बी. ए. पर्यंत शिकलेले, चित्रं काढणारे आणि स्वतः उभं राहून कीर्तन करणारे असे हे गृहस्थ १९०९ साली औंधच्या गादीवर आले. संस्थान म्हणाल तर सत्तरेक गावांचं, आणि तेही एका जागी नाही. थोडा भाग खटावच्या माळावर, थोडा कुंडलकडं, थोडा आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात, आणि गुणदाळचा तुकडा पार विजापूरकडं. पाऊस बेताचा, त्यामुळं खजिनाही बेताचाच.

तरुणपणी बाळासाहेबांनाही व्यायामाचं वेड होतं, पण ते विलायती. त्या काळात युजेन सँडो या पहिलवानाचं नाव जगभर गाजत होतं. आज गावोगावच्या पोरांना जिमच्या आरशाचं आणि डब्यातल्या पावडरीचं जे आकर्षण आहे, तेच त्या वेळी सँडोच्या डंबेल्सचं आणि स्प्रिंगांचं होतं. बाळासाहेबांनी १८९७ च्या सुमाराला सँडोचं पुस्तक आणि साहित्य मागवलं आणि दहाएक वर्षं नेमानं तो व्यायाम केला. दंड-छाती भरली असेल, पण त्यांचं समाधान झालं नाही. १९०८ मध्ये मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी सूर्यनमस्कार घालायला सुरुवात केली. तेव्हा वय चाळीस. आपल्याकडं चाळिशीला माणूस आता काय व्हायचं म्हणून हात टेकतो, हे ध्यानात घ्या. (सँडो बाळासाहेबांपेक्षा वर्षाभरानं मोठा. तो १९२५ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी गेला, बाळासाहेब ब्याऐंशीपर्यंत जगले. यावरून लगेच काही सिद्ध होत नाही म्हणा, पण नोंद करून ठेवावी.)

सूर्यनमस्कार औंधच्या राजानंच शोधून काढले, असं कुठं कुठं लिहिलेलं सापडतं. तसं नाही. आपल्याकडं मठांत आणि आखाड्यांत नमस्कार पूर्वीपासून होतेच, समर्थ रामदासांच्या नमस्कारांच्या कथा तर घरोघर सांगितल्या जातात. राजेसाहेबांनी काय केलं, तर देवघरातली आणि तालमीतली ही गोष्ट घरातल्या प्रत्येकासाठी नीट बसवून दिली. पोरं, पोरी, बायका, म्हातारी माणसं, कुणालाच वगळलं नाही. त्यांची पद्धत दहा अवस्थांची होती. उभं राहून हात जोडायचे, वाकून तळहात जमिनीला टेकायचे, मग एकेक पाय मागं न्यायचा. नंतर साष्टांग, म्हणजे कपाळ, छाती, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले पाहिजेत. मग छाती वर उचलायची, कंबर वर उचलायची आणि आलं तसं परत उभं राहायचं. तळहात एकदा टेकले की जागचे हलवायचे नाहीत आणि श्वास फक्त नाकानं घ्यायचा, यावर त्यांचा कटाक्ष होता. आकडा वयाप्रमाणं आणि सवयीप्रमाणं हळूहळू वाढवायचा.

आता रानातल्या कामाशी हे ताडून बघा. खुरपताना, भात लावताना, ऊस तोडताना माणूस तासन् तास पुढं वाकलेला असतो. मागं वाकण्याचं काम शेतात जवळपास नाहीच. कंबर धरते, मान आखडते ती त्यामुळंच. नमस्कारात पुढं आणि मागं दोन्हीकडं वाकावं लागतं, खांदे मोकळे होतात, दम वाढतो. कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे तो इथं. कष्टानं अंग झिजतं, पण सगळं अंग काही हलत नाही.

बाळासाहेबांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. या सक्तीबद्दल दुमत होऊ शकतं. हुकमानं लागलेली सवय हुकूम उठला की सुटते, हे आपण बऱ्याच सरकारी योजनांत पाहिलं आहे. पण एक गोष्ट मान्य करायला हवी, लोकांना सांगण्याआधी राजा स्वतः करत होता. पहाटे उठून नमस्कार, आणि तेही वर्षानुवर्षं. राणीसाहेबही घालत. १९२८ च्या सुमाराला त्यांनी नमस्कारांचा एक मूकचित्रपटही काढवून घेतला, त्यात ते स्वतः नमस्कार घालताना दिसतात. आपल्या शाळेत दरवर्षी २१ जूनला योग दिन होतो तेव्हा सतरंजीवर पोरं असतात आणि गावकारभारी खुर्च्यांवर. रागावू नका, पण हे चित्र बहुतेक गावांत आहे.

१९३६ साली राजेसाहेब विलायतेला गेले. वय अडुसष्ट. लुईस मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी तिथल्या वर्तमानपत्रात त्यांच्या व्यायामाबद्दल लिहिलं आणि त्यांची तरतरी बघून तिकडच्या लोकांना नवल वाटलं. पुढं १९३८ मध्ये बाईंनीच संपादन केलेलं नमस्कारांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनला निघालं. डंबेल्स मागवणाऱ्या माणसानं शेवटी तिकडं नमस्कार पाठवला.

सरपंच आणि सदस्यांनी यापुढचा भाग जरा सावकाश वाचावा. याच राजानं १९३९ च्या जानेवारीत आपली सत्ता रयतेच्या हवाली केली. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर यांनी खटपट केली, गांधीजींचा सल्ला घेतला आणि औंधला स्वराज्याची घटना दिली. गावानं पाच पंच निवडायचे, पंचायतीच्या अध्यक्षांची तालुका समिती, आणि त्यातून वरचं विधिमंडळ. गावचे तंटे गावातच मिटवायचे. देशात पंचायत राज येण्याच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट. त्याच सुमाराला आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत निघाली. भिंत नाही, कैद्यांनी शेती करायची. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ पुष्कळांनी पाहिला असेल, त्याचं मूळ इथं आहे.

शरीर ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच गावचा कारभार नीट जमतो, अशी त्यांची धारणा असावी असं वाटतं. नाहीतर पोरांना नमस्कार सक्तीचे आणि बापांना स्वराज्य, या दोन गोष्टींचा मेळ लागत नाही.

८ मार्च १९४८ ला औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब गेले. यमाईच्या डोंगरावर त्यांनी जमवलेल्या चित्रांचं आणि मूर्तींचं भवानी संग्रहालय आहे, यात्रेला गेलात तर अवश्य बघा.

ज्यांना नमस्कार सुरू करावेसे वाटतात त्यांनी पहिल्या दिवशी पन्नास घालू नयेत. रिकाम्या पोटी पाच घाला, आठवड्यानं दोन वाढवा. रक्तदाब, अंतर्गळ किंवा मणक्याचं दुखणं असेल, तसंच गरोदर बायांनी, आधी डॉक्टरांना विचारावं. आणि सकाळी नमस्कार घालून दिवसभरात आठ कप गोड चहा प्यायलात, तर साखर काही उतरायची नाही.