जमिनीच्या तुकड्याचं स्वप्न लिहिलं आणि गाववाल्यांनाच नकोसा झाला : जॉन स्टाइनबेक

'मुळशी पॅटर्न' तुम्ही बघितलाच असेल. जमीन हातातून गेली की अख्खं घर कसं उसवत जातं, ते प्रवीण तरडेंनी २०१८ साली पडद्यावर दाखवलं. त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी, १९२१ साली, याच मुळशीत टाटांच्या धरणात जमिनी जाणार म्हणून मावळे सत्याग्रहाला उतरले होते. पांडुरंग महादेव बापटांना लोक 'सेनापती' म्हणायला लागले ते त्याच लढ्यापासून.

म्हणजे वावराचा तुकडा ही काय चीज असते, हे मुळशीत कुणाला शिकवायची गरज नाही. आणि जगभर इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या पोरांच्या हातात एक शंभर-सव्वाशे पानांची अमेरिकन कादंबरी पडते, तिचा सगळा जीव अशाच एका तुकड्यात अडकलाय. 'ऑफ माइस अँड मेन'. जॉर्ज आणि लेनी हे दोघे मजूर. पाठीला वळकटी, आज या मळ्यावर तर उद्या त्या. लेनी अंगानं दांडगा, पण बुद्धीनं लहान मूल. जॉर्ज त्याला सांभाळतो, चिडतो, पण सोडत नाही. दोघांचं स्वप्न काय, तर दहा एकर जमीन, एक घर आणि लेनीला पाळायला ससे. किंमत ६०० डॉलर. शेवट सांगत नाही, वाचलात तर दोन दिवस दुसरं काही सुचणार नाही.

हे लिहिणारा जॉन स्टाइनबेक स्वतः मजुराच्या घरचा नव्हता. २७ फेब्रुवारी १९०२ ला कॅलिफोर्नियातल्या सॅलिनस गावात त्याचा जन्म झाला. आई शिक्षिका होती, वडील पुढे काउंटीचे खजिनदार झाले. घरी पुस्तकं होती, खाऊन-पिऊन सुखी घर. पण सॅलिनसजवळ स्प्रेकल्स कंपनीचा साखर कारखाना होता आणि त्याला लागणाऱ्या बीटाचे मळे आजूबाजूला पसरलेले होते. पोरगा तिथे कामाला जायला लागला. आपल्याकडे बीडचा ऊसतोड मजूर जसा फड संपला की बिऱ्हाड उचलतो, तशीच ही माणसं. त्यांच्याबरोबर तो राबला, त्यांच्याच शेजारी झोपला. लेनीसारखा एक माणूस आपण खरोखर पाहिला होता, असं त्यानं पुढे सांगितलं.

१९१९ साली त्यानं स्टॅनफर्डला नाव घातलं. सहा वर्षं येऊन-जाऊन शिकला आणि डिग्री न घेताच १९२५ साली बाहेर पडला. न्यूयॉर्कला गेला, बांधकामावर सिमेंट वाहिलं, पेपरात नोकरी धरली, तीही गेली. १९२९ साली पहिली कादंबरी आली, ती कुणी फारशी विचारली नाही. मंदीच्या काळात वडिलांचं रिकामं घर आणि त्यांच्याकडून येणारे महिन्याला २५ डॉलर यांवर तो आणि बायको कॅरल कसेबसे निभावत होते. लिहिणाऱ्या पोराला पंचविशी-तिशीत असं पोसणारा बाप मिळणं, हेही नशीबच म्हणायचं.

याच काळात त्याला एड रिकेट्स भेटला. समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणारा, मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर प्रयोगशाळा थाटून बसलेला माणूस. दोघांच्या रात्री तिथे गप्पांत जायच्या. स्टाइनबेकच्या पुस्तकांत रिकेट्स वेगवेगळ्या नावांनी डोकावत राहतो.

१९३६ मध्ये 'ऑफ माइस अँड मेन'चं हस्तलिखित त्याच्या कुत्र्यानं, टोबीनं, फाडून टाकलं. दुसरी प्रत नव्हती. दोन महिन्यांचं काम गेलं. त्यानं टोबीला फारसं मारलंही नाही, परत लिहायला बसला. फेब्रुवारी १९३७ मध्ये पुस्तक आलं आणि धडाक्यात खपलं. त्याच वर्षी ब्रॉडवेवर नाटकही आलं. नाटक गाजत होतं तेव्हा लेखक मात्र बघायला गेला नाही.

दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमाकडची शेती बसली होती आणि हजारो कुटुंबं मोडक्या गाड्यांतून कॅलिफोर्नियात येत होती. स्टाइनबेक त्यांच्या छावण्यांत फिरला. टॉम कॉलिन्स नावाच्या छावणी व्यवस्थापकानं त्याला सगळं दाखवलं. उपाशी पोरं, चिखलातले तंबू आणि शेजारी फळांनी लगडलेल्या बागा. त्यातून १९३९ साली 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' आली. हे नाव कॅरलनं सुचवलेलं.

बागायतदार भडकले. हे ज्या लोकांबद्दल लिहिलं होतं, ते त्याच्याच मुलखातले. पुस्तक खोटारडं आहे अशी ओरड झाली. कर्न काउंटीनं शाळा आणि वाचनालयांतून ते काढून टाकलं, प्रत जाळली गेली. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट स्वतः छावण्या बघून आल्या आणि पुस्तकात काही वाढवून सांगितलेलं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. १९४० साली पुलित्झर मिळालं. पण सॅलिनसमध्ये त्याच्याकडे बघायची नजर बदलली ती बदललीच.

पुढची वर्षं सरळ गेली नाहीत. कॅरलशी काडीमोड झाला. दुसरं लग्न, दोन मुलगे, आणि १९४८ साली तेही लग्न मोडलं. त्याच वर्षी मे महिन्यात मॉन्टेरेच्या रेल्वे क्रॉसिंगवर रिकेट्सच्या गाडीला रेल्वेनं उडवलं. काही दिवसांत तो गेला. हा धक्का स्टाइनबेकला फार लागला. १९५० साली त्यानं एलेनशी लग्न केलं आणि शेवटपर्यंत तिच्याबरोबर न्यूयॉर्कला राहिला. १९५२ मध्ये आलेल्या 'ईस्ट ऑफ ईडन'मध्ये मात्र तो पुन्हा सॅलिनसच्या खोऱ्यातच शिरला.

१९६२ साली नोबेल मिळालं, तेव्हा याला कशाला, असं अमेरिकेतल्याच काही पेपरांनी विचारलं. पत्रकारांनी त्यालाही विचारलं की तुम्ही या बक्षिसाला लायक आहात का. तो सरळ नाही म्हणाला. व्हिएतनाम युद्धावर त्यानं पाठवलेल्या बातमीपत्रांमुळे उरलेसुरले डावे मित्रही दुरावले.

२० डिसेंबर १९६८ ला न्यूयॉर्कमध्ये तो गेला. एलेननं त्याची रक्षा सॅलिनसला आणली आणि आईच्या माहेरच्यांच्या जागेत, घरच्या माणसांशेजारी पुरली. १९९८ साली गावातल्या मेन स्ट्रीटवर त्याच्या नावाचं मोठं संग्रहालय उघडलं.