उष्णतेचा हिशेब मांडणारा ज्यूल

विजेच्या बिलावर ज्याला एक युनिट म्हणतात ते 36 लाख ज्यूलांचे असते. एक न्यूटन इतक्या बलाने एखादी वस्तू बलाच्याच दिशेने एक मीटर सरकली म्हणजे एक ज्यूल कार्य झाले, ही व्याख्या शाळेतील मुले पाठ करतात आणि परीक्षेनंतर बहुधा विसरतात. ज्याचे नाव या मापाला मिळाले तो जेम्स प्रेस्कॉट ज्यूल मात्र ना कोणत्या विद्यापीठात शिकला, ना कोणत्या विद्यापीठात त्याने शिकविले. त्याच्या घराण्याचा व्यवसाय बिअरचा होता. घर्षणात नाहीशी होणारी गती जाते कोठे, या प्रश्नाचे प्रत्यक्ष मोजून दिलेले पहिले भरवशाचे उत्तर या व्यावसायिकाचे आहे, आणि ते कान देऊन ऐकायला त्या काळच्या विद्वत्सभांनी बरीच वर्षे घेतली.

ज्यूलचा जन्म 24 डिसेंबर 1818 रोजी मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड येथे झाला. वडिलांचा बिअरचा कारखाना भरभराटीत होता. मुलगा प्रकृतीने नाजूक, पाठीच्या कण्यात थोडा दोष असलेला आणि स्वभावाने अतिशय बुजरा. त्यामुळे त्याचे शिक्षण घरीच झाले. 1834 मध्ये त्याला व त्याच्या थोरल्या भावाला वडिलांनी जॉन डाल्टनकडे शिकायला पाठविले. अणुसिद्धांतामुळे डाल्टनचे नाव तोवर युरोपभर झाले होते, तरी चरितार्थासाठी तो अजून खासगी शिकवण्या करीत असे! 1837 मध्ये डाल्टनला पक्षाघाताचा झटका आला आणि ही शिकवणी थांबली. ज्यूलचे पुढचे शिक्षण, म्हणायचे तर, वडिलांच्या कारखान्यात झाले. बिअर आंबत असताना तापमानाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. अंश-दोन अंशांनी सारी पिंपे बिघडतात. तापमापीवरील बारीक रेघेला किंमत असते, हे या घरात कोणी कोणाला सांगण्याची आवश्यकता नव्हती.

त्याच्या संशोधनाचा आरंभ मात्र तत्त्वचिंतनातून नव्हे, तर व्यवहारातून झाला. 1838 च्या सुमारास विजेवर चालणाऱ्या नव्या इंजिनांचा मोठा गवगवा होता. वाफेचे इंजिन टाकून द्यावे आणि विद्युत्घटावर चालणारे यंत्र बसवावे, अशी विशीतल्या ज्यूलची मनीषा होती. त्याने अशी यंत्रे बनविली आणि जमाखर्च मांडला. घटातील एक पौंड जस्त खर्ची पडल्यावर जेवढे वजन उचलले जाई, त्याच्या सुमारे पाचपट वजन चांगले वाफेचे इंजिन एक पौंड कोळशात उचलीत होते. आणि जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. बेत फसला. पण या हिशेबाने एक नवी दृष्टी दिली: घटात काय जळाले, तारेत किती ऊन निर्माण झाले आणि वजन किती उचलले गेले, ही तिन्ही एकाच वहीत मांडता येतात. 1840 मध्येच त्याने दाखवून दिले की तारेत निर्माण होणारी उष्णता ही विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते. विजेच्या शेगडीचे गणित आजही याच नियमाने होते.

त्या काळी बहुसंख्य शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की उष्णता हा एक सूक्ष्म, वजनरहित द्रव आहे. त्याला कॅलरिक म्हणत. हा द्रव एका वस्तूतून दुसरीत वाहतो, पण तो निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, असे मानले जाई. काउंट रम्फर्डने म्युनिक येथे तोफांच्या नळ्या कोरताना घर्षणातून वाटेल तितकी उष्णता निघत राहते, असे 1798 मध्येच दाखविले होते. तथापि केवळ एका निरीक्षणाने रुळलेले मत हलत नाही. त्याला आकडा लागतो. 1843 मध्ये कॉर्क येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात ज्यूलने तो पुढे केला. चुंबकाच्या क्षेत्रात वेटोळे फिरवून निर्माण केलेल्या विजेची उष्णता त्याने मोजली होती आणि ती फिरविण्यासाठी किती वजन किती खाली उतरले तेही मोजले होते. सभेने शांतपणे ऐकले आणि विसरून टाकले.

त्यानंतरचा त्याचा प्रसिद्ध प्रयोग समजायला सोपा, पण करायला विलक्षण कठीण आहे. पाण्याने भरलेल्या तांब्याच्या भांड्यात पितळी पात्यांचे चक्र बसविलेले. चक्राच्या दांड्याला दोरी गुंडाळून ती कप्प्यांवरून नेलेली आणि तिच्या दोन टोकांना शिशाची दोन वजने. वजन मोकळे सोडले तर त्याचा वेग खाली येताना वाढत जातो. येथे मात्र पाणी पात्यांना अडविते आणि वजने संथ, जवळजवळ एकसमान वेगाने उतरतात. म्हणजे गुरुत्वाकर्षणाने केलेले कार्य वेगाच्या रूपाने दिसत नाही. मग ते गेले कोठे? ज्यूलचे उत्तर: पाण्यात, आणि पाणी तेवढे तापले पाहिजे. प्रत्येकी सुमारे 13 किलोग्रॅमची वजने सुमारे 1.6 मीटर खाली येत. दोरी पुन्हा गुंडाळून हे वीस वेळा करायचे. इतक्या खटाटोपानंतर पाण्याचे तापमान वाढे ते फॅरनहाइटच्या जेमतेम अर्ध्या अंशाने. त्यासाठी मँचेस्टरच्या डान्सर या कारागिराकडून त्याने अंशाचा दोनशेवा भाग वाचता येईल अशी तापमापी करवून घेतली. स्वतःच्या अंगाची ऊब भांड्याला लागू नये म्हणून मध्ये लाकडी पडदा उभा केला. कप्प्यांचे घर्षण आणि जमिनीला टेकताना वजनांत उरलेला किंचित वेग, हेही हिशेबातून वजा केले. 1850 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा आकडा 772 आहे: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविण्यासाठी 772 पौंड वजन एक फूट खाली यावे लागते. पाण्याऐवजी पारा घेतला, ओतीव लोखंडाच्या चकत्या एकमेकींवर घासल्या, तरी आकडा जवळजवळ तोच. पदार्थ बदलला तरी विनिमयाचा दर बदलत नाही, हा या प्रयोगांचा गाभा होय. वरून कोसळणारे पाणीही या नियमाला अपवाद नसावे, असे मानून नायगाऱ्याच्या तळाशी पाणी सुमारे एक पंचमांश अंशाने अधिक उष्ण असेल, असे त्याने 1845 मध्येच काढले होते.

अर्ध्या अंशावर एवढी मोठी इमारत उभी करणाऱ्याविषयी विद्वानांना संशय वाटला, यात केवळ त्यांचा दुराग्रह होता असे म्हणता येणार नाही. तापमापीची रेघ ज्यूलच्या इतकी बारीक वाचणारा दुसरा प्रयोगकर्ता तेव्हा मिळणे अवघड होते. परंतु संशयाच्या जोडीला उपेक्षाही होती. हवेच्या प्रसरण-आकुंचनावरील त्याचा 1844 चा निबंध रॉयल सोसायटीने आपल्या मुख्य नियतकालिकात घेतला नाही. एप्रिल 1847 मध्ये त्याने आपला सारा विचार जाहीरपणे मांडला तो मँचेस्टरच्या सेंट अॅन चर्चच्या वाचनालयात, सामान्य श्रोत्यांसमोर. एका वृत्तपत्राने या भाषणातील फक्त उतारे छापण्याची तयारी दाखविली. ते समग्र छापले 'मँचेस्टर कुरिअर'ने, ज्यात त्याचा भाऊ संगीतावर लिहीत असे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचे इंग्रजीतील हे आरंभीचे निःसंदिग्ध प्रतिपादन अशा रीतीने एका दैनंदिन बातम्यांच्या पत्रातून लोकांसमोर आले.

त्याच वर्षी जूनमध्ये ऑक्सफर्ड येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे तो पुन्हा उभा राहिला. अध्यक्षांनी थोडक्यात आटोपण्याची सूचना केली. हाही निबंध मागच्यांप्रमाणेच विरून गेला असता. परंतु सभेत विल्यम थॉमसन हा तरुण प्राध्यापक होता, जो पुढे लॉर्ड केल्व्हिन झाला. त्याने भर सभेत उठून प्रश्न विचारले, अशी ज्यूलची आठवण; सभा संपल्यावर आपण त्याला गाठले, अशी थॉमसनची. ते कसेही असो, थॉमसनची शंका खोल होती. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाताना, पाणी पाणचक्कीवरून उतरावे तसे, कार्य करते आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाही, असे फ्रेंच अभियंता कार्नो याने 1824 मध्ये मांडले होते. ज्यूल म्हणत होता की कार्य होते तेव्हा तेवढी उष्णता नाहीशीच होते. दोघांपैकी एकाला सोडणे थॉमसनला जड गेले. दोहोंतील ग्राह्यांश एकत्र बसविण्याचे काम 1850 मध्ये क्लाउसियसने आणि पुढच्या वर्षी थॉमसनने केले. उष्मागतिकी हे शास्त्र येथून सुरू होते.

1849 मध्ये फॅरडेच्या हस्ते ज्यूलचा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला आणि पुढच्या वर्षी तो छापलाही गेला. त्याच वर्षी त्याला सदस्यत्व मिळाले. तरी निबंधाच्या अखेरीचा तिसरा निष्कर्ष, घर्षण म्हणजे यांत्रिक शक्तीचे उष्णतेत रूपांतर होय, हा परीक्षक समितीच्या इच्छेवरून गाळावा लागला. आकडा मान्य, अर्थ मात्र नको!

या शोधाचा मान एकट्या ज्यूलचा नव्हे. जर्मनीतील हाइलब्रॉनचा डॉक्टर रॉबर्ट मायर 1840 मध्ये जहाजावरील वैद्य म्हणून जावा बेटावर गेला असता, उष्ण प्रदेशात नीलांतील रक्त अधिक लालभडक दिसते, हे पाहून विचारात पडला. शरीराची उष्णता आणि कार्य यांचा मेळ घालत तो याच तत्त्वापर्यंत पोहोचला आणि 1842 मध्ये, म्हणजे ज्यूलच्या आधी, त्याने ते प्रसिद्ध केले. पुढे अग्रहक्काचा वाद झाला. मायरला स्वदेशातही कोणी विचारीना. त्यात मुलांचे मृत्यू झाले. 1850 मध्ये त्याने खिडकीतून उडी टाकली. तो वाचला, पण नंतर त्याला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. 1862 मध्ये टिंडलने लंडनमध्ये मायरची बाजू उचलून धरली तेव्हा ज्यूलच्या मित्रांनी त्याला तिखट उत्तरे दिली. कल्पना आधी मायरची आणि तिला प्रयोगाने सिद्ध केले ज्यूलने, हा निवाडा न्यायाचा दिसतो. रॉयल सोसायटीनेही कोपली पदक 1870 मध्ये ज्यूलला आणि 1871 मध्ये मायरला दिले.

ज्यूलच्या वैयक्तिक आयुष्यात सुख थोडे होते. 1854 मध्ये दोन लहान मुले मागे ठेवून पत्नी वारली. त्याच सुमारास कारखानाही विकला गेला. थॉमसनबरोबर वायूंवर केलेले प्रयोग याच काळातले. दाबाखालील वायू सच्छिद्र बोळ्यातून पार होताना थंड होतो, या त्यांच्या निरीक्षणावर पुढे हवा द्रवरूप करण्याचा उद्योग उभा राहिला. उत्तरायुष्यात पैसा आटला. 1878 मध्ये सरकारने त्याला वर्षाला 200 पौंडांचे निवृत्तिवेतन दिले.

त्याच्या चिकाटीची शेवटची कसोटीही त्याच सुमारास लागली. 1867 मध्ये विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने त्याने पुन्हा तोच आकडा काढला तेव्हा तो 783 च्या आसपास आला. चूक जुन्या, तरुणपणी तळघरात केलेल्या पाण्याच्या प्रयोगात असणार, असे कोणालाही वाटले असते. साठीच्या उंबरठ्यावरील ज्यूलने नवे भांडे, नवी चक्रे घेऊन सारा खटाटोप पुन्हा केला. 1878 मध्ये उत्तर आले 772.55. दोष पाण्यात नव्हता. ब्रिटिश असोसिएशनने ठरविलेला विद्युत्रोधाचा प्रमाण ओहमच सुमारे एक टक्क्याने लहान होता.

1889 मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेने कार्याच्या एककाला ज्यूल हे नाव दिले. त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला सेल येथे त्याचे निधन झाले. जवळच्या ब्रुकलँड्स दफनभूमीतील त्याच्या शिळेवर बायबलमधील एक वचन आहे, आणि 772.55 हा आकडा कोरलेला आहे. अलीकडच्या मापनानुसार तो 778 च्या किंचित वर आहे.