ढगाआड गेलेले डॉ. होमी भाभा

ओझरची विमानं घरघरत दिंडोरीवरून गेली की आपण सारे माना वर करतो. मला मात्र तेव्हा डॉ. होमी भाभा आठवतात.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी घरात झाला. पोरानं इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावं, असं वडिलांच्या मनात होतं. म्हणून १९२७ साली त्यांना विलायतेत केंब्रिजला धाडलं. पण होमींचं चित्त पदार्थविज्ञानात! आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास व्हायची, मग हवं ते शिकायचं, अशी वडिलांनी अट घातली. ती त्यांनी पुरी केली. मला ही अट फार आवडली. दोघांचाही मान राहिला.

१९३९ साली ते सुट्टीत मायदेशी आले आणि तिकडे महायुद्ध पेटलं. मग ते इथेच राहिले. १९४५ साली टाटांच्या मदतीने त्यांनी मूलभूत संशोधनाची संस्था काढली. पुढे मुंबईजवळ तुर्भे येथे अणुशक्तीचं काम सुरू केलं. तिथली ‘अप्सरा’ ही देशातली पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण चित्रंही सुरेख काढायचा बरं का!

२४ जानेवारी १९६६ रोजी ते व्हिएन्नाच्या बैठकीला निघाले होते. एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान जिनिव्हाला उतरायचं होतं. वाटेत माँ ब्लाँ हा सुमारे ४,८०० मीटर उंचीचा बर्फाचा डोंगर. श्रावणात सप्तशृंगीचा गड ढगात कसा दिसेनासा होतो, ते आपण बघतोच. तिथेही डोंगराभोवती ढग होते. विमानातलं दिशा दाखवणारं एक यंत्र बिघडलेलं होतं. जिनिव्हाहून विमान कुठे आहे ते कळवलं, पण वैमानिकाचा समज वेगळाच झाला. डोंगर मागे पडला असं वाटून त्याने विमान खाली घेतलं. डोंगर तर पुढेच होता! सगळे ११७ जण गेले. १९५० साली आपल्याच देशाचं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान याच डोंगरावर आदळून ४८ माणसं गेली होती. हे वाचून माझ्या अंगावर काटाच आला.

१९६७ साली तुर्भ्याच्या केंद्राला भाभांचं नाव दिलं. त्याच केंद्राने २००२ साली आपल्या जिल्ह्यात लासलगावला एक कारखाना काढला. तिथे कांद्यावर किरण सोडतात, मग चाळीतल्या कांद्याला लवकर कोंब फुटत नाहीत.