आईने कोरून ठेवलेला राजा

सुरतेहून सापुतारामार्गे नाशिकला गेलात तर पांडवलेण्यांतलं तिसरं लेणं बघाच. गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यावर, नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी, आई गौतमी बलश्रीने मुलाचं चरित्र तिथं कोरून घेतलंय.

त्याने नहपान क्षत्रपाला हरवलं. आपल्या शेजारचं भरूच तेव्हा नहपानाकडे, रोमचा माल तिथं उतरायचा! नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर त्याने आपला ठसा मारला. अशी हजारो नाणी १९०६ साली जोगळटेंबीला सापडली.

आईने मात्र आणखीही लिहिलं: कर धर्माने घेतला, प्रजेच्या सुखदुःखात राहिला, अपराधी शत्रूलाही मारावंसं त्याला वाटेना, आईची सेवा केली. त्याच लेखात क्षहरातांचा निर्वंश केल्याचंही आहे, दोन्ही एकाच मुलाबद्दल! आणि ते लेणं तिने बौद्ध भिक्षूंना राहायला देऊन टाकलं.