शोकाकुलांचे सांगाती : संतशिरोमणी नामदेवराय

कार्तिकी एकादशीच्या या पुण्यपर्वावर चंद्रभागेचे वाळवंट टाळ-मृदंगाच्या घोषाने दुमदुमत आहे. परंपरेनुसार याच तिथीला, शके 1192 मध्ये, म्हणजे इ. स. 1270 साली, दामाशेटी शिंपी आणि गोणाई या दांपत्याच्या पोटी नामदेवराय जन्मास आले. कीर्तनाच्या रंगणात नाचणारे, देवाशी लडिवाळपणे भांडणारे भक्त म्हणून ते घरोघर परिचित आहेत. आम्ही मात्र आज भाविक वाचकांपुढे त्यांचे निराळे रूप ठेवू इच्छितो. दुसऱ्याच्या मरणसमयी जवळ उभा राहणारा आणि मागे राहिलेल्यांना सोबत करणारा सखा, हे ते रूप होय.

नामदेवरायांच्या घराचे दार मुळातच उघडे होते. राजाई ही पत्नी, चार पुत्र, कन्या, वृद्ध माता असा मोठा प्रपंच. त्यातच गंगाखेडची पोरकी जनी लहानपणी दामाशेटींच्या आश्रयास आली. दळणकांडण करता करता ती अभंग रचू लागली आणि नामयाची दासी या नावानेच महाराष्ट्राची संत जनाबाई झाली. एकाकी जिवाला घर लाभले की त्याची वाणी कशी फुलते, याचे याहून सुंदर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पुढे आळंदीच्या चार भावंडांशी त्यांचा स्नेह जुळला. मातापित्यांनी प्रायश्चित्तार्थ देहत्याग केल्यावर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई यांच्या वाट्यास समाजाची उपेक्षाच आली होती. ज्या पोरक्यांना गावाने दूर लोटले, त्यांना संतमेळ्याने आपले म्हटले. त्या मेळ्यात गोरोबा कुंभार होते, सावता माळी होते, नरहरी सोनार होते. रक्ताचे नाते नसता ही मंडळी एकमेकांची सोयरी झाली.

पण या सोयरिकीची खरी कसोटी अवघ्या दोन-तीन वर्षांत लागली. 1295 साली अरणगावी सावतोबा गेले. शके 1218, म्हणजे 1296 सालच्या कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानेश्वर माउलींनी आळंदीस समाधी घेतली, तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे. त्यानंतर सासवडला सोपानदेव, तापीतीरी मुक्ताई आणि अखेर त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ, अशी ही भावंडे एकामागून एक निघून गेली. या साऱ्या वियोगाचे वर्णन नामदेवरायांनी आपल्या अभंगांतून केले आहे. आदि, तीर्थावळी आणि समाधी या त्यांच्या प्रकरणांतून माउलींचे चरित्र आपल्यापर्यंत पोहोचले. त्यांतील समाधीचा भाग वाचताना जाणवते की, आत्म्याचे अमरत्व जाणणाऱ्या या संतांनी अश्रूंची लाज बाळगली नाही. ज्येष्ठ बंधू निवृत्तिनाथांचा धीर सुटला, तोही नामदेवरायांनी झाकून ठेवला नाही. शोक हा अज्ञानाचा दोष, असे म्हणून रडणाऱ्यास गप्प करणाऱ्या पंडितांनी हे ध्यानी घ्यावे. आम्हीही शास्त्राचे अभ्यासक आहोत. परंतु सुतकाच्या घरी गीतेचा श्लोक सांगण्यापूर्वी क्षणभर मूक बसणे अधिक श्रेयस्कर, असे आम्हांस वाटते.

यानंतर नामदेवराय उत्तरेकडे गेले. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्मरण आजही जागते आहे आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांच्या नावाची एकसष्ट पदे आदराने जतन केलेली आहेत.

त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठे कृत्य मात्र मंगळवेढ्याच्या मातीत घडले. 1338 साली तेथील गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांसह चोखामेळा गाडले गेले. अस्पृश्य मानलेल्या कुळात जन्मल्यामुळे ज्यांना जिवंतपणी राउळात पाऊल टाकता आले नाही, त्यांच्या अस्थी ढिगाऱ्यातून कोण वेचणार? नामदेवराय स्वतः तेथे गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटला त्या चोखोबांच्या, अशी ओळख पटवून त्यांनी त्या उराशी धरल्या आणि पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी बांधविली, असे परंपरा सांगते. सोयराबाई, कर्ममेळा, बंका, निर्मळा या चोखोबांच्या आप्तांच्या दुःखाला त्यामुळे एक ठिकाण मिळाले.

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. समाधी महाद्वारी झाली, पण दार उघडले नाही. चोखोबांच्या बांधवांना मंदिरप्रवेश मिळण्यास 1947 साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. संताने एका दिवसात जे केले, ते करण्यास समाजाला सहा शतके लागली.

1350 साली नामदेवरायांनी देह ठेवला आणि त्याच महाद्वारी पायरी होऊन राहिले. आजही कार्तिकीनंतर त्यांच्या पादुका पंढरीहून आळंदीस जातात आणि माउलींच्या समाधिदिनी त्यांच्या वंशजांचे कीर्तन होते. मित्राच्या वियोगदिनी जाण्याचा हा नेम परंपरेने चालत आला आहे.

वाचकहो, उपवास, तुळशी, दर्शन हे सारे यथासांग घडो. त्याबरोबरच आपल्या आळीत ज्या घरी यंदा सण नाही, जेथे कोणी अंथरुणास खिळलेल्याची एकट्याने सेवा करीत आहे, त्या घरी जाऊन घटकाभर बसावे. नामदेवांची पायरी चढण्याचा अधिकार अशानेच प्राप्त होतो, अशी आमची श्रद्धा आहे.