फिशटँकचा लाईट रात्री बंद का करायचा? उत्तर ३०० वर्षांपूर्वीच्या लाजाळूच्या कुंडीत आहे

हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा मोठा टँक. आत निळसर प्रकाशात डोलणारे प्रवाळ आणि नारंगी-पांढरे मासे. येणारा पाहुणा आधी तिकडेच वळतो. मग घरातली मंडळी काय करतात? लाईट चालूच ठेवतात. सकाळी चालू, रात्री जेवणानंतर चालू, कधी कधी पहाटेपर्यंत चालू. प्रवाळांना प्रकाश लागतो हे ऐकलेलं असतं, म्हणजे जितका जास्त तितका चांगला, असा हिशोब.

काही आठवड्यांत काचेवर शेवाळ चढतं आणि प्रवाळांचा रंग उडायला लागतो.

हा हिशोब कुठे चुकतो, हे समजून घ्यायचं तर फिशटँकशी काडीचाही संबंध नसलेल्या एका फ्रेंच माणसाकडे जावं लागतं. त्याचं नाव ज्यां-जाक दोर्तू द मेरां.

मेरां यांचा जन्म २६ नोव्हेंबर १६७८ चा, दक्षिण फ्रान्समधल्या बेझिए गावचा. वडील ते लहान असतानाच गेले, विशीच्या आत आईही गेली. शिक्षण तुलूझ आणि पॅरिसमध्ये झालं. नंतर ते गावी परतले आणि शांतपणे अभ्यास करत राहिले.

त्या काळी बोर्दोची अकादमी दरवर्षी एखादा प्रश्न जाहीर करून निबंधाला बक्षीस द्यायची. १७१५ ते १७१७ अशी सलग ३ वर्षं ते बक्षीस मेरां यांनी पटकावलं. विषय होते हवेचा दाब, बर्फ आणि अंधारात चमकणारे पदार्थ. एका वर्षात, १७१८ मध्ये, पॅरिसच्या रॉयल अकादमी ऑफ सायन्सेसची दारं त्यांच्यासाठी उघडली.

मेरां यांचं मन रमायचं ते आकाशात आणि भौतिकशास्त्रात. ध्रुवीय प्रकाशावर त्यांनी १७३३ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. मृगातल्या प्रसिद्ध तेजोमेघाशेजारचा एक छोटा तेजोमेघ त्यांनीच नोंदवला. आज तो एम-४३ म्हणून ओळखला जातो. नाव होतं, मान होता.

आणि याच सगळ्या गडबडीत त्यांच्याकडे एक लाजाळूचं झाड होतं.

लाजाळू आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत. हात लावला की पानं मिटतात. पण ती संध्याकाळीही मिटतात आणि सकाळी उघडतात. सगळ्यांचा समज असा की ऊन आलं म्हणून पानं उघडतात, ऊन गेलं म्हणून मिटतात. मेरां यांनी साधी गोष्ट केली. ती कुंडी जिथे ऊन पोचत नाही अशा अंधाऱ्या जागी ठेवली.

ऊन नाही, उजेड नाही. तरीही पानं दिवसा उघडायची आणि संध्याकाळी मिटायची.

मेरां यांना हे फार मोठं वाटलं नाही. ते बाकीच्या कामांत गुंतलेले होते. अखेर मार्शां या त्यांच्या वनस्पतिशास्त्रज्ञ सहकाऱ्याने १७२९ मध्ये ही नोंद अकादमीपुढे ठेवली. नोंद जेमतेम पानभराची. त्यात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचाही उल्लेख होता, ज्यांना खिडकी न पाहताही दिवस-रात्रीतला फरक जाणवतो. झाडाच्या आत घड्याळ आहे, असा निष्कर्ष मात्र मेरां यांनी काढला नाही. सूर्य न दिसताही झाडाला तो कसा तरी जाणवत असावा, इथपर्यंतच ते आले.

ज्या मोठ्या वादांवर त्यांनी आयुष्य खर्च केलं, त्यात मात्र ते बरेचदा चुकले. पृथ्वी ध्रुवांकडे लांबट आहे या मताचं त्यांनी समर्थन केलं. १७३६-३७ मध्ये लॅपलँडला गेलेल्या मोहिमेच्या मोजमापांनी ते खोटं ठरवलं. फिरत्या वस्तूच्या शक्तीचं माप काय, यावरून १७४१ मध्ये एमिली द्यु शातले या विदुषीशी त्यांची जाहीर खडाजंगी झाली. तेव्हा मेरां अकादमीचे सचिव होते, तरी बाईंनी माघार घेतली नाही.

लाजाळूची नोंद मात्र इतरांनी पुढे नेली. १७५८ च्या सुमारास द्युआमेल यांनी झाड दारूच्या तळघरात ठेवून पाहिलं, पानांचं वेळापत्रक टिकलं. १८३२ मध्ये द कांदोल यांना आढळलं की बाहेरचा दिवस-रात्रीचा फरक काढून टाकला तर लाजाळूचा ‘दिवस’ २४ नव्हे, तर २२-२३ तासांचा होतो. म्हणजे झाड बाहेरून कसलीही खूण घेत नव्हतं. घड्याळ त्याच्या आतच होतं, आणि ते रोज थोडं चुकायचं. ते रोज जुळवून घेण्यासाठी खरा उजेड आणि खरा अंधार लागत होता.

२०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना मिळालं ते माशीच्या पेशीतलं हेच घड्याळ उलगडल्याबद्दल. नोबेल समितीने ही गोष्ट सांगताना मेरां यांच्या लाजाळूपासून सुरुवात केली.

आता परत टँककडे.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते दिवसा प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. पण प्रकाश गरजेपेक्षा जास्त झाला, तर त्याच शैवालात ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात. प्रवाळ मग ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. रात्र झाली की बरेच प्रवाळ शुंडिका पसरून पाण्यातले बारीक जीव पकडतात. काही मासे वाळूत शिरून झोपतात.

प्रवाळातही घड्याळ आहे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रवाळात प्रकाश ओळखणारी क्रिप्टोक्रोम प्रथिनं सापडली. ग्रेट बॅरिअर रीफवर पौर्णिमेनंतरच्या ठराविक रात्री शेकडो मैलांवरचे प्रवाळ एकाच वेळी अंडी सोडतात, तेही याच जाणिवेवर. अंधारच मिळाला नाही, तर हे घड्याळ जुळणार कसं?

म्हणून जाणकार एक सोपा नियम पाळतात. मुख्य लाईट ८ ते १० तास. त्याआधी आणि नंतर तासभर मंद निळा प्रकाश, म्हणजे पहाट आणि संध्याकाळ. बाकी रात्र पूर्ण अंधार. चांदण्यासारखा मिणमिणता दिवा हवाच असेल, तर तो थोडा वेळ. वेळ टायरमनने नव्हे, टायमरने सांभाळायची, कारण माणूस विसरतो. लाईट वाढवायचा असेल तर आठवड्या-आठवड्याने, थोडा थोडा. संध्याकाळी घरी आल्यावर टँक बघायचा असेल, तर दिवसच दुपारी सुरू करायचा. तास वाढवायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट. भारतात कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. समुद्रातून ते काढणं हा गुन्हा आहे.

मेरां २० फेब्रुवारी १७७१ रोजी पॅरिसमध्ये वारले, वयाच्या ९२ व्या वर्षी. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे. त्यांचे जाडजूड ग्रंथ आज फारसं कुणी उघडत नाही. पण सजीवांच्या घड्याळाचा विषय निघाला, की पानभर नोंदीतली ती अंधारातली कुंडी पहिल्यांदा आठवते.